दिवाळीनंतर येणाऱ्या मेंढ्या, त्यांचं दूध आणि इंदुरात चीज: जाणकारांनी बोला

मालवा_मुक्काम
नमस्कार मंडळी. धागा लांबेल, पण इथे दुधातले, जनावरांतले, खाण्यातले सगळेच लोक आहेत म्हणून एकदाच सगळं विचारून घेते.

दिवाळी झाली की देपालपूर, हातोद, सांवेर या बाजूला मारवाडातून राईका या फिरत्या मेंढपाळ लोकांचे मेंढ्यांचे कळप उतरायला लागतात. सोयाबीन निघालेलं असतं, शेतं मोकळी असतात, शेतकरी बोलावून शेतात मेंढ्या बसवतात, रात्रभराच्या लेंडीखताबद्दल धान्य नाहीतर रोख देतात आणि मग डेरा पुढच्या शेतावर. मार्चमध्ये गहू कापला की परत तेच. यांचं घर चालतं ते नर कोकरं विकून आणि या खताच्या पैशावर, लोकरीबद्दल ते स्वतःच सांगतात की कातरणाऱ्याची मजुरी निघाली तरी पुष्कळ झालं. आणि दूध? दूध चहापुरतं. बाकीचं कोकरू पितं, कोकरू मोठं झालं की मेंढी आटते, दुधाचा हिशेब कोणी मांडतच नाही.

आता दुसरीकडे बघा. फ्रान्सचं रोकफोर, इटलीचं पेकोरिनो, स्पेनचं मांचेगो, ग्रीसचं फेटा, ही सगळी नावाजलेली चीजं मेंढीच्या दुधाची, आणि सगळी मूळची असल्याच लोकांची, जे कळप घेऊन फिरायचे आणि ज्यांना चार महिन्यांचं दूध वर्षभर टिकवायला दुसरा रस्ता नव्हता. आपल्या विजयनगरच्या हॉटेलांत बाहेरून आलेलं पेकोरिनो पास्त्यावर किसून घालतात, आणि इथून तासाभराच्या अंतरावर शेकडो मेंढ्या उभ्या आहेत. मला हे बघून शांत बसवत नाही.

आमचं शेत देपालपूरकडे आहे, वडील दर वर्षी मेंढ्या बसवतात, त्यामुळे एका डेऱ्यावरच्या बायकांशी माझी चांगली ओळख आहे. त्यांचं म्हणणं, सकाळचं थोडं दूध देता येईल, पण रोज कोणी न्यायला आलं तर, आणि भाव नीट असेल तर. मी घरी गायीच्या दुधाचं मोझरेला आणि मीठपाण्यातलं फेटासारखं चीज नेहमी करते, मेंढीचं दूध मात्र कधी हाताळलेलं नाही. तर इंदूरच्या हवेत यातलं कोणतं चीज जमेल, शाकाहारी रेनेट (दूध जमवायला घालतात ते) चालतं का, दुधातून आजार यायची भीती किती, आणि भाव काय द्यावा? शेवटचा प्रश्न माझ्यासाठी सगळ्यात मोठा. हे जमलं तर मेंढीवाल्याला परवडून जमलं पाहिजे, नाहीतर मला त्यात रस नाही.

खमंग_खवय्यी
ताई, पहिल्या किलोचं बुकिंग माझं! पोह्यावर फेटा आणि वरून जीरावन, मी गायीच्या चीजवर करून बघितलंय, भन्नाट लागतं.

रामबागकर_काका
विचार चांगला आहे बेटा, पण कोकराच्या तोंडचं दूध काढून आपण चीज खायचं हे माझ्या मनाला पटत नाही. गाय, म्हैस पिढ्यान्‌पिढ्या दुधासाठी निवडलेली जनावरं आहेत, वासराला पाजून उरतं. मेंढीचं तसं नाही. आणि त्या माणसाची खरी कमाई कोकरू आहे हे तूच लिहिलं आहेस. कोकरू हडकलं तर बाजारात त्याचे पैसे कमीच येणार, मग तू दुधाचे दिलेले पैसे त्यातच गेले, हातात काय राहिलं? आपल्या होळकरांचं घराणं सुद्धा मूळचं धनगर, नीरेकाठच्या होळ गावचं, तेव्हा मेंढ्यांचं ज्ञान असलेली माणसं आपल्यातही आहेत, आधी त्यांना विचारा आणि मग भांडी काढा.

पीथमपूरचा_जतकर
काका, त्यातलाच एक बोलतो मग. माझं गाव जत तालुक्यात, सांगली जिल्हा, नोकरीमुळं पीथमपूरला असतो. मामा अजून मेंढरं राखतात, माडग्याळ जास्त आणि थोडी दख्खनी.

तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. कोकराला पहिला महिना सगळं दूध पायजेच, त्यात कुणी हात घालू नये, आणि चीक तर अजिबात काढू नये, तो कोकराचा जीव आहे. पण महिन्यानंतर कोकरू पाला खायला लागतं. मग आमच्याकडं काय करतात, दिवस मावळला की कोकरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, वेगळी कोंडतात, सकाळी मेंढीची कास भरलेली असते, तेव्हा थोडं काढून घ्यायचं आणि कोकरं सोडायची, दिवसभर ती आईबरोबरच. मेंढीला सड दोनच, मामी एका सडाचं काढते आणि दुसरा कोकराला ठेवते. जिला जुळी आहेत तिला हात लावायचा नाही. पहिलारू मेंढीला नाही. जी चालून दमलेली आहे तिला नाही. हे पाळलं तर कोकरू हडकत नाही, हे मी लहानपणापासून बघतोय.

पण ताई, दूध किती मिळेल ते नीट समजून घ्या. आमच्या मेंढराचं असं एका सडाचं काढलं तर चहाचा कप भरतो, लई झालं तर दोन कप. शंभराच्या कळपात दूध काढण्यासारख्या तीस-चाळीसच निघतात एका वेळी. आणि ज्या दिवशी डेरा हलतो त्या दिवशी दूध विसरा.

पशुवैद्य_महू
जतकरांनी सांगितलेली पद्धत अगदी शास्त्राला धरून आहे. फ्रान्समध्ये रोकफोरसाठी लाकोन जातीच्या मेंढ्या असतात, तिथेही कोकरू साधारण महिनाभर आईला पितं आणि नंतर दोहायला सुरुवात होते. रात्री वेगळं ठेवून सकाळी एकदा काढायचं आणि दिवसभर पिऊ द्यायचं, ही रीत युरोप-अमेरिकेतले छोटे मेंढीवालेसुद्धा वापरतात.

काका, मेंढी दुधाची नाही हे आपल्या मेंढीबद्दल खरं आहे, सरसकट नाही. लाकोनच घ्या, १९६० च्या सुमारास ती एका वेताला ७०-८० लिटर द्यायची, शेतकऱ्यांनी एकेका मेंढीची नोंद ठेवून निवड करत नेली आणि शतक संपेपर्यंत ती पावणेतीनशे लिटरच्या आसपास पोचली. आपल्याकडे गुजरातची पाटणवाडी आणि मेवाडकडची सोनाडी या दुधाला बऱ्या जाती मानतात. टोंक जिल्ह्यात अविकानगरला केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था १९६२ पासून आहे, पण आपल्याकडे मेंढीचा विचार मुख्यतः लोकर आणि मांसासाठीच झाला. दुधासाठी निवड कोणी केली नाही, म्हणून दूध कमी.

आता आजाराचं, आणि हे सगळ्यांनी नीट वाचा. शेळी-मेंढीच्या कच्च्या दुधातून ब्रुसेला होऊ शकतो. ताप येतो, जातो, परत येतो, घाम सुटतो, सांधे आणि कंबर धरते, महिनोन्‌महिने माणूस उठत नाही आणि निदान पटकन होत नाही. १८८७ मध्ये माल्टा बेटावर डेव्हिड ब्रूसनं याचा जंतू शोधला, आणि तो शेळ्यांमधून, त्यांच्या दुधातून येतो हे कळायला १९०५ उजाडलं. रोकफोर कच्च्या दुधाचंच करतात हे खरं, पण तिथे कळप न कळप तपासलेला असतो. फिरत्या कळपात ते शक्य नाही. तेव्हा दूध ६३ अंशांवर पूर्ण ३० मिनिटं धरायचं, किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद, थर्मामीटर लावून, अंदाजानं नाही. घरच्या भांड्यात ६३ वालंच करा, ७२ ची पद्धत यंत्राची आहे. शिवाय डेऱ्यावर विचारून घ्या की यंदा मेंढ्या गाभडल्या का, म्हणजे त्यांचे गर्भ पडले का. गाभडत असतील तर त्या कळपाचं दूध घेऊच नका, आणि मला इथेच कळवा, रक्ताची तपासणी करता येते. दूध काढणाऱ्या बायकांनाही सांगा, मेंढी विताना उघड्या हातांनी वार काढू नका. त्यांना धोका तुमच्यापेक्षा जास्त आहे.

मालवा_मुक्काम
डॉक्टर, खूप आभार. वार काढण्याचं आजवर कोणी त्यांना सांगितलं असेल असं वाटत नाही, हातमोजे मी घेऊन जाईन, चीज होवो न होवो. जतकर दादा, तुमच्या मामींची एक सडाची रीत त्या बायकांना विचारते, बहुतेक त्यांच्याकडेही असंच काही असेल.

शाकाहारी_चौकशी
एक शंका. आमच्या घरी अंडंही चालत नाही. चीज म्हटलं की वासराच्या पोटातलं काहीतरी घालतात असं ऐकलं आहे. मेंढीच्या चीजमध्ये पण तसंच का?

माद्रिदहून_परत
मी सहा-सात वर्षं स्पेनमध्ये होतो, आता परत लोकमान्यनगरात, त्यामुळे यावर बोलू शकतो.

हो, जुन्या पद्धतीत असतं. पेकोरिनो रोमानोमध्ये तर कोकराच्या जठराचं रेनेट वापरतात, त्याचा तो जिभेला चावणारा तिखटपणा त्यातूनच येतो, म्हणजे हॉटेलात शाकाहारी पास्ता मागवला आणि वर ते किसून आलं तर ते शाकाहारी नाही, हे आपल्याकडच्या बऱ्याच लोकांना माहीत नसतं. पण मेंढीच्या चीजमध्येच वनस्पतीची परंपरा पण जबरदस्त आहे. पोर्तुगालचं सेरा दा एस्त्रेला आणि स्पेनच्या एस्त्रेमादुरा भागातलं तोर्ता देल कासार, ही दोन्ही रानटी काटेरी फुलांनी जमवतात, आर्टिचोकच्या जातीचं जांभळं फूल असतं, त्याचे वाळलेले तंतू पाण्यात भिजवून ते पाणी दुधात. गंमत म्हणजे गायीच्या दुधात हे घातलं तर चीज कडू होण्याची भीती असते आणि मेंढीच्या दुधात ते छान खपून जातं. आतून इतकं मऊ होतं की वरचं झाकण कापून चमच्यानं खातात.

आपल्याकडे बुरशीपासून केलेलं मायक्रोबियल रेनेट सहज मिळतं, हिरव्या ठिपक्याच्या चीजमध्ये ते असतं. शिवाय पनीर डोडा आहे, मालगंज किंवा राजवाड्याकडच्या कुठल्याही पंसारीकडे मिळेल, लोक साखरेच्या आजारावर भिजवून पितात ना तेच, त्या फळांनी दूध जमतं म्हणूनच ते नाव. कडवटपणा येऊ शकतो. पण मेंढीच्या दुधात करून बघण्यासारखं आहे असं मला मनापासून वाटतं.

बडोदेकर_वसुधा
बडोद्याहून लिहितेय, धागा फार आवडला. आमच्याकडे सुरत-नवसारीच्या पारशी घरांतलं टोपली पनीर प्रसिद्ध आहे, बारक्या टोपल्यांत जमवतात, टोपलीची नक्षी अंगावर उठते आणि खारट निवळीत (दूध जमल्यावर सुटणाऱ्या पाण्यात) बुडवून ठेवतात, जिभेवर ठेवलं की विरघळतं. जुन्या पद्धतीत कोंबडीच्या पेटाचं सुकवलेलं अस्तर घालत, म्हणून सगळ्यांना चालत नाही, पण व्हेज रेनेटनं पण करतात. सांगायचा मुद्दा हा की आपल्या गरम हवेत पाण्यात राहणारं चीजच खरं. इंदूर काय आणि बडोदा काय, एप्रिल-मेमध्ये चीज मुरत घालायचं म्हणजे फ्रीजचं बिल बघायला नको.

पाटणवाडी मेंढी आमच्या गुजरातची, चांगली असेल तर दिवसाला लिटरच्या आसपास देते. तुमच्या डेऱ्यात दोन-चार पाटणवाडी असतील तर बघा, कान लांब नळकांड्यासारखे आणि नाक फुगीर वळलेलं असतं.

माद्रिदहून_परत
वसुधाताईंशी सहमत. पहिल्या हंगामात फेटासारखं मीठपाण्यातलंच करा. खऱ्या फेटाला २००२ पासून युरोपात नावाचं संरक्षण आहे, ग्रीसमधलंच पाहिजे, निदान ७० टक्के दूध मेंढीचं आणि उरलेलं शेळीचं, आणि किमान दोन महिने मुरवलेलं. आपल्याकडे मॉलमध्ये फेटा म्हणून जे पॅकेट मिळतं त्याची मागची बाजू वाचा, बहुतेक गायीचं दूध निघेल. म्हणजे इंदुरात ज्यांनी फेटा खाल्लं आहे त्यांतल्या कित्येकांनी मेंढीचं खाल्लंच नाहीये.

मेंढीच्या दुधाबद्दल काही गोष्टी तुम्हाला पहिल्या दिवसापासून जाणवतील. गायीच्या दुधात फॅट साडेतीन-चार टक्के, मेंढीच्यात सहा-सात, कधी आठ. प्रथिनं पण दीडपटीहून जास्त. म्हणून गायीच्या दहा लिटरांत जेवढं घट्ट चीज होतं तेवढं मेंढीच्या सहा-सात लिटरांत होतं, आणि ओलं मीठपाण्यातलं असेल तर साडेचार-पाच लिटरांत किलो निघतं. रेनेट नेहमीपेक्षा कमी घाला, तिसरा हिस्सा तरी कमी, कारण हे दूध झटकन आणि कडक जमतं, गायीच्या मापानं घातलं तर रबर होईल. दूध पिवळसर दिसणार नाही, पांढरंशुभ्र असतं, फॅटचे कण बारीक असतात म्हणून वर साय पण फारशी धरत नाही, ते बघून दुधात पाणी आहे असं समजू नका आणि त्या बायकांवर संशय घेऊ नका, हे मुद्दाम सांगतोय.

आणि सगळ्यात कामाची गोष्ट, मेंढीचं दूध फ्रीझरमध्ये चांगलं टिकतं. रोज पाच-सात लिटरच मिळणार ना, मग पातळ पिशव्यांत चपटं गोठवा, लवकर गोठलं पाहिजे, आणि पुरेसं जमलं की फ्रीजमध्ये सावकाश वितळवून मग चीज करा. बाहेरच्या देशातल्या छोट्या छोट्या फार्मवर असंच करतात, दोन-तीन महिन्यांचं साठवून एकदम करतात.

मांचेगोबद्दल पण लिहितो, कारण ते मी जवळून बघितलंय. ला मांचाचं पठार आपल्या माळव्यासारखंच उघडं, उन्हाळा तसाच कडक. मोठ्या कंपन्या आहेतच, पण काही कुटुंबं अजून स्वतःच्याच कळपाच्या कच्च्या दुधाचं करतात, त्याच्या लेबलवर आर्तेसानो असा शब्द असतो. पूर्वी गवताच्या विणलेल्या पट्टीत दही भरून दाबायचे, त्या पट्टीची नागमोडी नक्षी चीजच्या कडेला उठायची, आता साचे प्लॅस्टिकचे झाले तरी नक्षी तीच ठेवली आहे. दीड किलोपर्यंतचं लहान चीज ३० दिवस, मोठं ६० दिवस तरी मुरवावं लागतं, आणि जास्तीत जास्त दोन वर्षं. मी ज्या घरी जायचो तिथे आजी रोज प्रत्येक चीज हातानं उलटायची आणि ऑलिव्ह तेलाचा हात लावायची. खोलीत उभं राहिलं की लोकर, ओली माती आणि तूप असा मिळून वास. ती चव मला अजून कुठे मिळालेली नाही. पण त्यासाठी दहा-बारा अंशांची दमट खोली लागते, ती आपल्याला नोव्हेंबर ते जानेवारीच्या रात्री सोडल्या तर फुकट मिळत नाही, म्हणून पुढच्या हंगामाचा विचार.

दूधसंघवाला
उज्जैनकडे दूध संघात नोकरी करून निवृत्त झालो, भावाचं मी बोलतो, बाकी जाणकार बोललेच आहेत.

दूध संघात आपण फॅट आणि एसएनएफवर (फॅट सोडून दुधातल्या बाकीच्या घन भागावर) भाव काढतो. मेंढीच्या दुधाला तोच तक्ता लावला तर म्हशीच्या भावाच्या आसपास येईल आणि कागदावर बरोबर दिसेल, पण तो अन्याय होईल. म्हशीवाल्याला एका जनावराखाली बसून पाच लिटर मिळतात, इथे तेवढ्याच दुधासाठी वीस-पंचवीस मेंढ्या धरायच्या, सकाळच्या थंडीत, आणि मग दिवसभर कळपामागे चालायचं. मेहनत दुधाच्या लिटरात दिसत नाही. म्हणून माझं म्हणणं, भाव दुधाच्या तक्त्यावरून ठरवूच नका. चीज किती रुपये किलोनं विकणार ते आधी ठरवा आणि त्यातला ठरावीक वाटा, समजा निम्मा, दुधाचा म्हणून बाजूला काढा.

माद्रिदहून_परत
दूधसंघवाले साहेब, वाट्याची कल्पना चांगली आहे पण फक्त वाट्यावर ठेवू नका. सार्डिनियात काय झालं ते बघा. पेकोरिनो रोमानो नावानं रोमचं, पण नव्वद टक्क्यांहून जास्त सार्डिनिया बेटावर होतं, आणि तिथे दुधाचा भाव चीजच्या भावामागे जातो. चीज जास्त झालं, भाव पडला, आणि २०१९ च्या फेब्रुवारीत मेंढपाळांना लिटरला ६० सेंटच्या आसपास मिळायला लागले, त्यांचा खर्चही निघत नव्हता. त्यांनी एक युरोची मागणी केली आणि कॅन उघडून दूध रस्त्यावर ओतलं, बेटभर. स्वतः काढलेलं दूध ओतताना त्या माणसांचे चेहरे मी टीव्हीवर बघितलेत. जास्त चीज भरायचा निर्णय त्यांचा नव्हता, भाव पडला तो मात्र त्यांच्या डोक्यावर. तेव्हा खाली एक पक्का भाव पाहिजे, चीज विकलं जावो न जावो.

दूधसंघवाला
हे एकदम बरोबर. मग असं करा, पक्का भाव रोजच्या रोज हातात, आणि हंगाम संपताना डेरा परत निघण्याआधी विक्रीतला वाटा वरून. फिरत्या माणसाला पुढच्या महिन्याची बिलं चालत नाहीत, तो पुढच्या महिन्यात कुठे असेल हे त्यालाच माहीत नसतं. आणि पैसे जी बाई दूध काढते तिच्या हातात द्या. कोकरं आणि खताचा पैसा पुरुषांकडे जातो, दुधाचा तरी तिच्याकडे राहू दे.

पीथमपूरचा_जतकर
शेवटचं वाक्य लाखाचं बोललात.

एक भर घालतो. या लोकांच्या मोठ्या टोळीला डांग म्हणतात आणि तिचा एक नंबरदार असतो, कुठं मुक्काम करायचा, कुणाच्या शेतात बसायचं, पोलीस-जंगलखात्याशी कोण बोलणार, सगळं तो बघतो. बायकांशी ठरवलं तरी नंबरदाराला आधी सांगा, मानानं जाऊन बोला. नाहीतर त्याला वाटंल हे शहरातलं लोक काहीतरी मागनं करतायत, आणि मग डेरा तुमच्या शेताकडं येणारच नाही.

मालवा_मुक्काम
हो, वडिलांनाच बरोबर नेईन, त्यांचं आणि नंबरदारांचं जुनं आहे, ते आले की आमच्या ओट्यावर बसून तमाखू खातात आणि पावसापाण्याचं बोलतात.

हिशेब मांडून बघितला, चुकत असेल तर सांगा. जतकर दादांच्या हिशेबानं तीस-पस्तीस मेंढ्या, प्रत्येकी कप-दीड कप, म्हणजे रोजचं पाच-सहा लिटर धरते. लिटरला पक्का भाव १५० रुपये. पाच लिटरांत किलोभर ओलं चीज, म्हणजे नुसत्या दुधाचेच ७५० रुपये किलोमागे. त्यात गॅस, वीज, मीठ, रेनेट, डबे, रोजचं पेट्रोल, माझी मेहनत. किलोला १६०० च्या खाली विकता येणार नाही. बायकांना मिळून रोज आठशेच्या आसपास पडतील आणि वाटा वरून. पंधरा-वीस घरं अशी मिळाली जी २०० ग्रॅमचा डबा ३२० ला घेतील, तर हा हंगाम निघतो. मोठं काही मला करायचंच नाही. एफएसएसएआयचं (सरकारी अन्नसुरक्षा खात्याचं) रजिस्ट्रेशन लागेल ते करून घेते, डब्यावर मेंढीचं दूध असं स्पष्ट लिहीन.

आणि डेरा हलला की दूध बंद, हे पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकांना सांगणार. फाल्गुनानंतर मागू नका.

खमंग_खवय्यी
३२० ला मी दोन डबे घेते दर पंधरा दिवसांनी. सुदामानगरमधून अजून तिघी तयार आहेत, आत्ताच ग्रुपवर विचारलं.

रामबागकर_काका
सगळं वाचलं. जतकरांची रीत मला माहीत नव्हती, पटली. तरी माझी एक अट आहे आणि ती मी सोडणार नाही. कोकरांचं वजन व्हायला पाहिजे. ज्यांच्या आयांचं दूध काढलं ती दहा कोकरं आणि ज्यांचं नाही काढलं ती दहा, दर पंधरवड्याला वजन करा आणि इथे लिहा. दूध काढलेली मागे पडली तर तिथेच थांबा, लोकांनी कितीही डबे मागितले तरी. वजनकाटा माझ्याकडे आहे, आकड्याचा, गोदामातला, तो मी देतो आणि बरोबर येतो सुद्धा.

पशुवैद्य_महू
काका, ही अट मला फारच आवडली. कानाला रंगाची खूण करू म्हणजे गोंधळ होणार नाही. जुळी यात धरू नका, एकेकटी घ्या, आणि नर-मादी दोन्हीकडे सारख्याच घ्या, नाहीतर तुलना खोटी पडेल. पहिल्या वजनाला मी येतो, जमलं तर त्याच दिवशी कळपाला जंताचं औषध पण पाजू. ज्यांना पाजलं त्यांचं दूध औषधाच्या लेबलवर लिहिलेले दिवस घ्यायचं नाही, आणि तेवढ्या दिवसांचे पैसे बायकांना द्यायचे की नाही ते तुम्ही ठरवा.

मालवा_मुक्काम
द्यायचे. पक्का भाव म्हणजे पक्का. काका, तुम्ही येताय याचा फार आनंद झाला, सकाळी सहाला निघावं लागेल, गाडी रामबागेतून घेऊन येते.

बडोदेकर_वसुधा
निवळी फेकू नका हं! मेंढीच्या निवळीत गायीपेक्षा बरंच राहिलेलं असतं. ताजी असतानाच, आंबायच्या आत, मंद आचेवर ८५ अंशांच्या आसपास नेली, ढवळलं नाही, तर वर मऊ पांढरे ढग येतात, तेच रिकोटा. झाऱ्यानं उचलून फडक्यात घाला. त्यात गूळ आणि वेलची घालून पोळीबरोबर खा, किंवा त्याचीच बासुंदीसारखी करा. विकायलाच पाहिजे असं नाही, त्या बायकांच्या पोरांना न्या.

मालवा_मुक्काम
हे मस्त, पहिलं रिकोटा डेऱ्यावरच.

एक शेवटची तांत्रिक अडचण विचारते. गायीच्या दुधाचं मीठपाण्यात ठेवते तेव्हा आठ-दहा दिवसांनी कधी कधी वरचा थर बुळबुळीत होतो, खायला बरं असतं पण दिसायला घाण. मेंढीच्या चीजला दोन महिने ठेवायचं तर काय करू?

माद्रिदहून_परत
ते मीठपाणी साध्या पाण्याचं केलं की होतं. चीजमधला कॅल्शियम पाण्यात उतरतो आणि वरचा थर सैल पडतो. मीठपाणी त्याच चीजच्या निवळीत करा, गाळून, उकळून, गार करून, लिटरला ७०-८० ग्रॅम मीठ, आयोडीनचं नको, सैंधव किंवा खडे मीठ. निवळी आंबट नसेल तर दोन थेंब व्हिनेगर. साधंच पाणी वापरायचं असेल तर खाण्याचं कॅल्शियम क्लोराइड चिमूटभर घाला. आणि मीठपाण्यात टाकण्याआधी तुकड्यांना कोरडं मीठ चोळून एक दिवस फ्रीजमध्ये जाळीवर ठेवा, सुटलेलं पाणी खाली निथळू दे, वरचा भाग जरा आवळला की मगच बुडवा. चीज पूर्ण बुडालेलं पाहिजे, वर तरंगणाऱ्या भागावर बुरशी धरते, एखादी स्टीलची वाटी उपडी घालून दाबून ठेवा.